दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे ऋण

कलावंतांच्या एखाद्या समूहाची पहिली ध्वनिमुद्रिका गाजावी, तिच्या यशाची वार्ता ताजी असतानाच दुसरीची प्रतीक्षा सुरू व्हावी, ती प्रतीक्षा पाच वर्षे, दहा वर्षे, कधीकधी एका पिढीइतकी लांबावी, आणि अखेरीस ती दुसरी ध्वनिमुद्रिका आली तरी श्रोत्यांचे पुरते समाधान होऊ नये व न आली तर तिच्या अभावाची हळहळ त्यांनी जन्मभर बाळगावी, असे संगीताच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात इतक्या वेळा घडलेले आहे की या गोष्टीकडे निव्वळ योगायोग म्हणून पाहणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्या समूहातील प्रत्येक जण समूहात येण्यापूर्वीच स्वतःच्या नावाने मान्यता पावलेला असतो, ज्याला पाश्चात्त्य जगात सुपरग्रुप म्हणतात, त्याच्या बाबतीत तर हा जवळजवळ नियमच होऊन बसला आहे. माझे प्रतिपादन असे आहे की अशा समूहाची पहिली ध्वनिमुद्रिका ही त्यातील प्रत्येकाच्या पूर्वसंचितावर उभी असते, म्हणून तिचे श्रेय समूहाला देण्याची घाई करू नये. समूह या नात्याने त्यांनी काय मिळवले याचा निवाडा दुसरीवरूनच होऊ शकतो. आणि ती दुसरी वारंवार राहून जाते याचा दोष कलावंतांच्या लहरीपेक्षा त्यांना आश्रय देणाऱ्यांकडे, म्हणजे आयोजक, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि आपण श्रोते यांच्याकडे, अधिक जातो.

जबलपुरात राहणाऱ्या माणसाला याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. अलाहाबादेकडून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग १८६७ साली या गावापर्यंत येऊन थांबला होता, आणि मुंबईकडून घाट चढून व नर्मदेचे खोरे धरून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८७० च्या मार्च महिन्यात त्याला येथे मिळाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः जातीने हजर होते आणि दोन महानगरे जोडली गेल्याचा मोठा गाजावाजा झाला. समारंभ आटोपला, परंतु मुंबई आणि कलकत्ता यांमधला रस्ता खऱ्या अर्थाने रस्ता झाला तो त्यानंतर रोज धावणाऱ्या गाड्यांमुळे, आणि दोन स्वतंत्र कंपन्यांना वेळापत्रके, भाडे व मालाची जोखीम यांबाबत जे करारमदार करावे लागले असतील त्यांमुळे. नामांकितांच्या समूहाची पहिली ध्वनिमुद्रिका हा असाच रूळ मिळाल्याचा समारंभ असतो. त्याची थोरवी मी कमी लेखत नाही, पण वाहतूक सुरू झाली की नाही हे त्या दिवशी कोणालाच कळलेले नसते.

विद्युत्‌यंत्रांनी घडवलेल्या, काळोख्या छटेच्या ज्या गीतप्रकाराला इंग्लंड-अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक पॉप म्हणतात, त्यात या प्रश्नाची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. न्यू ऑर्डरचा बर्नार्ड सम्नर आणि द स्मिथ्सचा जॉनी मार या दोघा मँचेस्टरकरांनी इलेक्ट्रॉनिक याच नावाचा समूह काढला, त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९९१ साली आली आणि दुसरी १९९६ साली. मधल्या पाच वर्षांत ज्या अपेक्षा साचल्या त्या जर्मनीच्या क्राफ्टवेर्क समूहातील कार्ल बार्टोस मदतीला येऊनही पुऱ्या झाल्या नाहीत असे पुष्कळांचे मत पडले. दुसरे उदाहरण अमेरिकेतील पोस्टल सर्व्हिस या समूहाचे. बेन गिबर्ड आणि जिमी टँबोरेलो हे दोघे वेगवेगळ्या शहरांत राहून एकमेकांना ध्वनिफिती टपालाने पाठवीत, त्यावर भर घालून परत धाडीत, आणि त्या पत्रापत्रीतून ‘गिव्ह अप’ ही ध्वनिमुद्रिका २००३ साली निर्माण झाली. ती अमाप खपली. दुसरी कधीच आली नाही. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा दौरा काढला तोही पहिलीच्याच स्मरणार्थ. टपालाने भेट घडू शकते, सहवास घडू शकत नाही, असे या उदाहरणावरून म्हणावेसे वाटते, पण ते पुरते खरे नाही हे पुढे येईलच.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण आहे, आणि ते आपल्याकडे हवे तितके चर्चिले गेलेले नाही. अमेरिकन बास-गिटारवादक व निर्माता बिल लासवेल याच्या पुढाकाराने २००० साली ‘ताल मॅट्रिक्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि तबला बीट सायन्स या नावाचा समूह जगापुढे आला. त्यात मुंबईत माहीमला वाढलेले झाकीर हुसेन होते. बेळगावात १९२५ साली जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू होते. लंडनच्या ‘अनोखा’ या रात्रमैफलींतून पुढे आलेला आणि १९९९ साली मर्क्युरी पारितोषिक मिळवलेला तलवीन सिंग होता. आणि इंग्लंडमध्ये जन्मून न्यूयॉर्क राज्यात वाढलेला, घरी ज्याचे नाव उत्कर्ष आणि बाहेर कर्श, असा मराठी कुटुंबातला काळे होता. सारंगीवर उस्ताद सुलतान खाँ होते. एका तबल्याभोवती चार तबलिये, चारही जण आपापल्या जागी मुखत्यार, आणि त्यांच्याखाली लासवेलचा खोल, संथ, जवळजवळ भयकारी वाटणारा बास: असा हा मेळ होता.

या संगीतातील काळोखाविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला अवश्य वाटते, कारण तो परदेशातून आयात झालेला आहे अशी जी समजूत आपल्या जाणकारांत आढळते ती अपुऱ्या विचारावर उभी आहे. लासवेलच्या बासची परंपरा जमैकाची आहे हे खरे; किंग्स्टन शहरात १९७० च्या दशकात किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकून बास आणि ढोल तेवढे पुढे आणले, त्यांवर प्रतिध्वनींचे थर चढवले, आणि डब नावाचा प्रकार निर्माण केला. परंतु डग्ग्याकडे ज्याने लक्षपूर्वक कान दिला आहे त्याला या खोल नादाचे नावीन्य वाटण्याचे कारण नाही. मनगटाचा दाब वाढवीत तळहात पुडीवर सरकवला म्हणजे डग्ग्याचा घुमारा खालून वर सरकतो, तो नाद कानाइतकाच छातीला जाणवतो, आणि ध्वनिक्षेपक जवळ धरून तो मोठ्या कर्ण्यांतून ऐकवला तर त्याच्या अंगी असलेली गूढता, जी बैठकीत पहिल्या दोन रांगांपुरती मर्यादित राहत असे, ती हजारोंच्या समुदायाला व्यापू शकते. यंत्राने येथे नवे काही घातले नाही. जे होते ते दूरवर नेले. आणि तबला हे वाद्यच मुळात मोठ्या बुद्धीने सिद्ध केलेले यंत्र आहे. ताणलेल्या साध्या पडद्याचे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी नसतात, म्हणून जगातले बहुतेक ढोल नुसता आघात देतात, सूर देत नाहीत. पुडीच्या मध्यावर शाईचा भार नेमका बसवल्याने ते उपस्वर सुसंवादी होतात, ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ नियतकालिकात मांडली आणि १९३४ साली अधिक विस्ताराने सिद्ध केली. ज्या वाद्याच्या कारागिरांनी पडद्याच्या स्वभावावर असा विजय मिळवला, त्या वाद्याच्या वंशजांनी विजेला भ्यावे याला काही आधार नाही. राहिला प्रश्न काळोखी भावाचा. तर दरबारीतील आंदोलित गंधार किंवा मंद्र सप्तकात रेंगाळणारा मालकंस मध्यरात्री ऐकून ज्यांचे मन भारावले आहे, त्यांना संगीतातल्या अंधाराची ओळख बाहेरच्या कोणी करून द्यावी लागत नाही.

तेव्हा साहित्य उत्तम होते, माणसे उत्तम होती, आणि त्यांना एकत्र आणणारा भावही उसना नव्हता. असे असूनही ‘ताल मॅट्रिक्स’ पुन्हा पुन्हा ऐकताना तिच्यातील बहुतेक रचना एकेका वादकाभोवती उभ्या आहेत, एकाचे राज्य संपले की दुसऱ्याचे सुरू होते, आणि त्या सर्वांना सांधणारे सूत्र लासवेलच्या मिश्रणफलकावर आहे, वादकांच्या परस्पर संभाषणात नाही, असे जाणवत राहते. हा दोष नव्हे. प्रथम भेटीत प्रत्येकाने आपली सनद पुढे मांडावी हे स्वाभाविकच आहे. पण म्हणूनच दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेची आवश्यकता होती: जिच्यात झाकीर हुसेन यांनी काही सोडून दिले असते, त्रिलोक गुर्टूंनी आपल्या पाण्याच्या बादलीत बुडवलेल्या झांजांचा मोह आवरला असता, आणि चार तबलियांपैकी तिघे गप्प बसून चौथ्याला ठेका धरू देत आहेत असा एखादा दीर्घ प्रसंग आपल्याला ऐकायला मिळाला असता. थोर वादकाचा अधिकार तो काय वाजवतो यावरून कळतो. समूहातील त्याचे स्थान मात्र तो काय वाजवत नाही यावरून ठरते, आणि न वाजवण्याचा हा विवेक पहिल्या भेटीत येत नसतो.

दुसरी ध्वनिमुद्रिका आली नाही असे म्हणावे तर २००२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टर्न ग्रोव्ह या वनराईतील मैफलीचे दोन तबकड्यांचे मुद्रण प्रसिद्ध झाले. त्यात झाकीर हुसेन, सुलतान खाँ, काळे आणि लासवेल तर आहेतच, शिवाय इथिओपियाची गायिका गीगी आहे आणि मिडिव्हल पंडित्झ ही दिल्लीची जोडीही आहे. स्टुडिओत बेतलेल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेची वाट पाहणाऱ्यांनी हिला हिशेबात धरले नाही, आणि मला वाटते ते चुकले. कारण येथे सारंगी सुरू होते तेव्हा तबला खरोखर वाट पाहतो. गीगीचा आवाज आपल्या ओळखीच्या कोणत्याही चौकटीत बसत नसूनही सुलतान खाँचा गज त्याला अशा जिव्हाळ्याने साथ देतो की मारवाडच्या वाळवंटाला आणि अबिसिनियाच्या पठाराला एकच सूर ठाऊक असावा असे वाटू लागते. समूहाचा जन्म या मुद्रणात झाला आहे. मात्र त्याच मुद्रणात त्रिलोक गुर्टू नाहीत आणि तलवीन सिंग नाही, म्हणजे जन्मलेला समूह मूळचा राहिलेलाच नाही. आणि जी ध्वनिमुद्रिका त्या साऱ्यांनी महिना दोन महिने एकत्र बसून, विचाराने, मसुदे बदलीत बदलीत करायला हवी होती, ती झालीच नाही. सुलतान खाँ २०११ च्या नोव्हेंबरात निवर्तले. झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी त्याच सॅन फ्रान्सिस्को शहरी गेले. आता ते ऋण फिटण्याची मुदत टळली आहे.

यावर कोणी म्हणेल की ध्वनिमुद्रिकेला एवढे महत्त्व देणे हेच मुळी परकीय आहे, आपल्याकडे संगीत मैफलीत जगते, तोच राग तोच गवई रोज नव्याने मांडतो, आणि त्याची पहिली-दुसरी असा हिशेब कोणी ठेवत नाही. हा आक्षेप वजनदार आहे आणि एकट्या गवयाच्या बाबतीत तो मी शिरोधार्य मानतो. परंतु एकट्या गवयापाशी घराण्याची तालीम असते, म्हणजे त्याच्या प्रत्येक मैफलीमागे पंधरा-वीस वर्षांचा सहवास आधीच जमा असतो. नामांकितांच्या समूहापाशी हा सामाईक साठा नसतो, तो त्यांना नव्याने उभा करावा लागतो, आणि तो उभा राहिला की नाही हे ठरवण्यास मुद्रणासारखा दुसरा दस्तऐवज नाही. १९२१ च्या जुलैत मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाले, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर उभे राहिले, आणि त्या रात्रीची कथा महाराष्ट्र आजतागायत सांगतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. त्या संयोगातून काय उमलले असते, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या गायकीत देवघेव होऊन नाट्यसंगीताला वेगळे वळण लागले असते की काय, हे सांगण्याचे कोणतेच साधन आपल्या हाती उरलेले नाही. मृत्यूने ती देवघेव आरंभीच थांबवली, याला कोणी जबाबदार नाही. तबला बीट सायन्सच्या वाट्याला मात्र दोन तपांचा अवकाश होता.

तो अवकाश कशात गेला, याचे उत्तर शक्ती या समूहाच्या चरित्रात सापडते. जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांचे पहिले मुद्रण १९७५ साली लाँग आयलंडवरील एका महाविद्यालयातील मैफलीत झाले, आणि दुसरी व तिसरी ध्वनिमुद्रिका पुढच्या दोन वर्षांत निघाल्या. ही त्वरा कोठून आली? चौघे एकत्र प्रवास करीत होते, एकत्र राहत होते, हिंदुस्थानी मात्रांचा हिशेब आणि कर्नाटकी जतींचा हिशेब एकमेकांना पाठ करून देत होते. ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत पहिलीपेक्षा वेग कमी आणि ऐकणे अधिक आहे, त्याचे कारण हा सहवास होय. म्हणूनच सेहेचाळीस वर्षांच्या खंडानंतर २०२३ साली ‘धिस मोमेंट’ ही स्टुडिओत बेतलेली ध्वनिमुद्रिका आली, तेव्हा महामारीच्या काळात वादकांनी आपापले तुकडे दुरून एकमेकांना पाठवून ती जुळवली असूनही तिच्यात टपाली मैत्रीचा तुटकपणा जाणवत नाही. शंकर महादेवन, सेल्वागणेश आणि गणेश राजगोपालन हे तिच्यातले नव्या पिढीचे भागीदार. त्यांतील महादेवन यांचा आवाज मराठी श्रोत्यांच्या घरचा आहे. सहवास आधी पुरेसा झालेला असेल तर अंतर सोसते, आणि झालेला नसेल तर एका छताखाली बसूनही उपयोग नसतो, असा माझा निष्कर्ष आहे.

सहवासाला पैसा लागतो, आणि येथे मी मैहरकडे वळतो. जबलपूरहून कटनीवरून सतनेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे लहान संस्थान. तेथे महाराज ब्रिजनाथ सिंह यांच्या आश्रयाने अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीच्या रोगात अनाथ झालेली मुले गोळा केली, त्यांना वाद्ये दिली, रोज तालीम दिली, आणि मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून, त्यांचे सूर मिळवून त्यांनी नलतरंग नावाचे वाद्यच निर्माण केले. १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना बाळगणाऱ्या गावातील आम्हा लोकांना या गोष्टीचा विशेष अभिमान वाटावा. अली अकबर, अन्नपूर्णा देवी, रविशंकर या त्यांच्या शिष्यांची नावे जगभर गेली, पण मला स्वतःला खाँसाहेबांची सर्वांत विलक्षण कृती हा बँड वाटतो, कारण त्यात एकही नामांकित नव्हता आणि तरीही तो शंभर वर्षे टिकला, पिढ्या बदलल्या तरी वाजत राहिला. त्यामागे प्रतिभा होती हे उघडच आहे. परंतु तिच्याइतकाच दरमहा मिळणारा तनखा होता, राहायला जागा होती, आणि दररोज ठरल्या वेळी एकत्र बसण्याची सक्ती होती. नामांकितांच्या समूहाला यांतले काहीच कोणी देत नाही. आयोजक त्यांना एका रात्रीचे मानधन देतो, ध्वनिमुद्रण कंपनी नावांच्या बेरजेवर पहिली तबकडी खपवते, आणि पुढच्या वर्षी त्याच आयोजकाला त्याच चौघांऐवजी वेगळी जोडी हवी असते, कारण जाहिरातीत नवी जुगलबंदी अधिक शोभते. आपण श्रोतेही तिकीट काढतो ते भेट पाहण्यासाठी. त्या भेटीचे पुढे काय झाले अशी चौकशी आपण करीत नाही, आणि कलावंताला, ज्याचा वर्षाचा प्रत्येक दिवस आधीच कोणाच्या तरी दप्तरात मुक्रर झालेला असतो, त्याला ती आपणहून करायला सवड नसते.

म्हणून उपाय सुचवायचा तर तो व्यवहाराचाच सुचवला पाहिजे. भेडाघाटला शरद पौर्णिमेच्या सुमारास नर्मदा महोत्सव भरतो, संगमरवरी कडे चांदण्यात उजळलेले असतात आणि दूरदूरचे गायक-वादक तेथे येऊन एक रात्र गाऊन-वाजवून परत जातात. शासनाचा हा खर्च मी अपव्यय मानत नाही. पण त्याच निधीतून काही भाग वेगळा काढून, चार-पाच समर्थ वादकांना, त्यांत तबला असावा, सारंगी असावी, विद्युत्‌वाद्ये जाणणारा एखादा तरुण असावा, महोत्सवाच्या आधी एक महिना जबलपुरात बोलावून ठेवण्याची, त्यांच्या निवासाची व तालमीच्या जागेची तजवीज करण्याची, आणि पुढल्या वर्षी नेमक्या त्याच वादकांना पुन्हा बोलावण्याचा करार पहिल्याच वर्षी लेखी करून घेण्याची योजना अशक्य नाही. पहिल्या वर्षीची मैफल मुद्रित करू नये. शहरातील संगीत विद्यार्थ्यांना तालमीला बसण्याची मोकळीक असावी, म्हणजे महारथी एकमेकांपुढे अडखळतात कसे, माघार घेतात कसे आणि एखादी जागा दुसऱ्यासाठी सोडतात कसे, हे त्यांना जवळून पाहता येईल. मुद्रण दुसऱ्या वर्षीच्या महिन्याच्या अखेरीस, मैफल होऊन गेल्यावर, घाई न करता करावे, आणि त्या ध्वनिमुद्रिकेवर वादकांची नावे वर्णानुक्रमाने, एकाच आकाराच्या अक्षरांत छापावीत.